शाईतला पाय

तिनं आधी मोजे काढले,
मग विचारलं, "दुकान उघडं आहे ना?"

एर्मेलिंदा. मारिपोसास टेकडीची टपालवाली.
चौतीस वर्षं त्याच पायऱ्या,
पत्र्याची घरं, पिवळी, जांभळी, गंजलेली,
आणि टेकडीची लिफ्ट बंद असली की
म्हणजे बहुतेक रोजच
वाल्पाराइसोचं अख्खं बंदर पाठीशी घेऊन वर.

मी तिचा पाय शाईवर ठेवला, मग कागदावर.
टाच उमटली काळी, मधोमध चरचरीत.
बोटांच्या मागे पाच डाग,
पोस्टाच्या शिक्क्याइतके गर्द.

"बुटात खडे आहेत," ती म्हणाली,
"रोज झटकते. रोज काही निघत नाही."

खडे नाहीत, बाई. तुमचीच हाडं ती.
तळव्याखाली जन्मतः एक गादी मिळते आपल्याला,
पोळ्यासारखी, कप्प्याकप्प्यात चरबी भरलेली.
कमरेवरची चरबी गल्लीभर सगळ्यांना दिसते,
ही मात्र संपली
की कळतं, होती.

पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात
आग होते म्हणून सुई टोचली. बरं वाटलं.
मग पुन्हा टोचली. मग पुन्हा.
मऊ लागलं म्हणून कोपरानं खणावं, तसं.
उरलंसुरलं मऊ त्या औषधानंच खाल्लं.
हे मी म्हणत नाही, मी साधा बूटवाला.
इस्पितळातल्या डॉक्टर इर्रासाबाल यांनी
बोटांच्या चिमटीत हवेचा तुकडा धरून दाखवला:
इतकी हवी.
मग चिमूट मिटत मिटत
जवळजवळ बंदच केली.

उपाय आहे, त्या म्हणाल्या.
पोटाची चरबी काढायची, तळव्यात भरायची.
एर्मेलिंदा इतकी हसली की
रांगेतलं एक बाळ जागं झालं.
"माझ्या बहिणीला सांगू नका,
ती गोणी भरून पाठवेल!"

पण भरलेल्यातली बरीचशी विरून जाते,
आठवडेच्या आठवडे पाय नीट टेकायचा नाही,
आणि यादीत तिचा नंबर तीनशे बारा.
तोवर मी.

बुचाचा तळ. त्यावर नमदा.
पाच डागांच्या जागी पाच खळगे,
त्यांच्या थोडं मागे
बदामाएवढा उंचवटा, भार उचलून धरायला.
हा बदाम दोन रेघा पुढे सरकला
तर औषधाचा खडा होतो.
चार वेळा तासला. चार वेळा ती म्हणाली, "नाही."
पाचव्यांदा काहीच म्हणाली नाही,
फक्त खांदे खाली आले.

टाचेखाली सिलिकॉनची वाटी,
बुटाचा तळ जाड, पुढे होडीसारखा वळलेला.
"म्हातारीचे बूट," तिनं नाक मुरडलं.
म्हटलं, होडीवाल्याचे म्हणा.
आणि घरात अनवाणी चालायचं नाही,
रात्री पाणी प्यायला उठलात तरी नाही.
"माझ्या आईनं मला याच्या उलट शिकवलं."
तुमच्या आईकडे गादी होती, बाई.

पहिल्या वळणापर्यंत मी सोबत गेलो.
तिचा तो एका कानाचा कुत्रा पुढे,
थांबून थांबून मागे बघणारा,
कारण तिच्या थांबायच्या जागा त्याला पाठ होत्या.
तिसऱ्या कठड्यापाशी तो थांबला.
ती थांबली नाही.
पाचव्यापाशी मात्र थांबली.

"दुखतंय?"
"दुखतंय की.
पण आता पाय दुखतो.
आधी सगळी टेकडी दुखायची."

तो कागद मी फेकला नाही,
मोजमापांच्या पेटीत आहे, तारीख घालून.
महिन्याभरानं दार वाजलं.
माझी टपालपेटी खाली रस्त्यावर, दुकान बारा पायऱ्या वर.
हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?
तरी ती वर आली, पाकीट हातात दिलं,
बसा म्हटलं तर बसली नाही.

विजेचं बिल होतं.
दोनदा वाचलं मी.