तिसरं बटण

आयताल, बॅटरी बॅगेत ठेवू नकोस.
बॅग म्हणजे बाहेरच.
बनियनला आतून खिसा शिवून घे, डाव्या काखेखाली.
तिथे दोन. तिसरी पोटाशी, लोकरीच्या पट्ट्यात.
पहिले काही दिवस टोचतात,
मग आपल्याच फासळ्या वाटू लागतात.

पडद्यावर शून्य दिसलं
म्हणून मेली समजून टाकून देऊ नकोस.
गारठलेली असते.
जवळ घे, जरा थांब,
निम्मा जीव तरी परत येतो.

पारा पन्नासच्या खाली गेला की
कॅमेऱ्याच्या डोळ्यावर श्वास सोडायचा नाही,
काच पांढरी होते आणि घोडे दिसेनासे होतात.
केबल वाकवायची नाही, काडीसारखी मोडते.
आणि धातूला गाल लावायचा नाही.
हा डाग पाहिलास?
माझा पहिला हिवाळा, उसना कॅमेरा.
कॅमेरा परत केला, कातडी त्याच्याकडेच राहिली.

प्रोकोपी तुला आठवत असेल.
तळ्यावर बर्फ कापायचा,
वर्षभराच्या चहाचं पाणी करवतीने,
चौकोनी, निळसर, दारापेक्षा जाड.
म्हणाला, मात्र्योना, एक फोटो काढ,
लेक मगादानला आहे, तिला दाखवू
बाप अजून उभा आहे.
पहिली बॅटरी गेली. दुसरी गेली.
तिसरी मी घरी चुलीजवळ विसरून आले होते.
मी शिव्या घालत होते, स्वतःलाच.
तो म्हणाला, आण इकडे,
आत्ताच तीन कप पिऊन आलोय.
कोट उघडला, स्वेटर वर केला,
दोन्ही बॅटऱ्या पोटाला लावल्या
आणि ओरडला असा, की करवती थांबल्या.
मग दहा मिनिटं तो हलला नाही.
गायीबद्दल बोलत राहिला,
तिच्या आचळांना शिवलेल्या ससाच्या कातड्याबद्दल,
आणि तिने ते कसं खाल्लं त्याबद्दल.

अकरा फोटो निघाले.
सगळ्यांत त्याच्या कोटाचं तिसरं बटण उघडं.
लावायचं राहिलं.

मार्चमध्ये तो गेला.
जमीन मऊ करायला दोन दिवस शेकोटी जळत होती.
गाव्रिलने त्यातलाच एक फोटो निवडला,
म्हणाला, मोठा कर,
आणि ते बटण जरा लाव ना कॉम्प्युटरवर,
वडील गबाळे दिसतात.
मी म्हणाले, जमत नाही.
जमतं, आयताल. पाच मिनिटांचं काम.
तुला म्हणून सांगते.

चल, आत ये. दार लाव.
नाही, कॅमेरा नको.
पिशवीत घाल, हवा काढ, घट्ट बांध,
तिथेच ओसरीत राहू दे, बुटांशेजारी.
एकदम ऊब लागली तर आतून घामेजतो,
भिंगाच्या पोटात पाणी धरतं.
दोन तास तरी.
हो, माहीत आहे मला, तुला बघायचंय काय आलंय.
चहा ओत आधी.
आणि तुझ्या पट्ट्यातली ती काढ बाहेर,
झोपशील तिच्यावर.