कानोसा

कुओपिओत त्या जुलैत सलग अकरा दिवस तीस अंश.
इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली,
तिहेरी काचांच्या खिडक्या, भिंतींना आतून अस्तर;
एकदा शिरलेली ऊब निघायचं नाव घेत नाही.
रात्री साडेदहालाही तळ्यावर उजेड.

दुकानात पंखे उरले होते तीन,
मनोऱ्यासारखे, कमरेच्या जरा वर.
तुओवी रिस्सानेन दुपारी आल्या. सत्तरीच्या.
हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर एकच शब्द: आवाज.
मी खोक्यावरचा आकडा दाखवला.
चौतीस डेसिबल, सर्वांत कमी वेगाला.
"हे कुणी ऐकलं?" त्यांनी विचारलं.
मला सांगता येईना.

तिन्ही लावून दाखवले.
वर छतातून गाणं,
पलीकडे बारा टीव्हींवर एकच सामना,
फ्रिजांची रांग आपापसांत कण्हणारी.
त्या गोंगाटात तिन्ही पंखे मुके.
"चारचौघांत सगळीच मुलं शहाणी," त्या म्हणाल्या.
"बंद किती वाजता करता?"

आठला पाच कमी असताना परत आल्या.
सोबत नवरा, उर्हो,
उंच, थोडे पोक काढून, दोन्ही कानांत यंत्रं.
"मला कुठलाही चालेल," ते म्हणाले,
"झोपताना मी हे काढून ठेवतो.
ऐकायचं खातं हिच्याकडे."

मी दार लावलं. गाणं बंद. टीव्ही बंद. दिवेही.
फ्रिज बंद करायची मला परवानगी नव्हती.
केले.

दुकान इतकं मोठं असेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्याचा वारा चांगला, पण वळणाच्या टोकाला टक्,
कुणी रात्री कडी चाचपावी तसं.
"मी उजाडेपर्यंत मोजत बसेन."
दुसऱ्यात शीळ होती म्हणे, केसासारखी बारीक.
मला आली नाही ऐकू, मी तेवीस वर्षांचा;
त्यांना आली.
तिसरा सुरू झाला तेव्हा
लव्हाळ्यात कोणीतरी हललं,
आणि मग तेही नाही.

त्या डोळे मिटून उभ्या.
मान वळवली, ती पंख्याकडे नाही,
नवऱ्याकडे.
तेव्हा कुठे मलाही ऐकू आला त्यांचा श्वास:
आत जाताना सरळ,
बाहेर येताना एक पायरी चुकणारा.

"हा," त्या म्हणाल्या. "हा मधे बोलत नाही."
एकशे एकोणतीस युरो. उर्होंनी खोकं उचलायला हात घातला,
त्यांनी तो हळूच बाजूला केला
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी गाडीपर्यंत नेऊन दिलं.

नवव्या दिवशी आल्या, एकट्या.
मी उगाच त्यांच्या पाठीमागे दाराकडे बघत राहिलो.
"गाडीत बसलाय," त्या म्हणाल्या, "जागा मिळेना लावायला."

तक्रारी दोन.
बटण दाबलं की पीं वाजतं, दर वेळी,
आणि समोर निळा दिवा, मासे पाळल्यासारखा.
"बाकी?"
"बाकी इतका गप्प आहे की मधेच उठावं लागतं,
चालू आहे ना बघायला.
जाळीपुढे हात धरते. वारा लागला की बरं वाटतं.
मग हात तसाच नेते पुढे, त्याच्या नाकापाशी.
तिथेही लागला, की झोपते."
हे सगळं त्यांनी
गॅरंटीचा कागद उलगडता उलगडता सांगितलं.

पीं बंद करायची सोय कंपनीने ठेवलेली नाही.
मी माफी मागितली, जणू ते मीच वाजवत होतो.
दिव्यासाठी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला,
बोटाच्या पेराएवढा.
"याचे किती?"
"याचे काही नाही."

बाहेर हॉर्न वाजला. लांबलचक,
वाजवणाऱ्याला स्वतःला ऐकू येत नसावा तसा.
अख्खा रस्ता वळून बघायला लागला.
तुओवीबाई घाई न करता
पट्टी पाकिटात ठेवत राहिल्या,
तो थांबेपर्यंत ऐकत.