हरभऱ्याएवढं

बिस्किटांच्या डब्यात प्रोकोलोनं
दंडाच्या पावत्या जपून ठेवल्यात, एकूण एकेचाळीस.
धंद्याच्या रकान्यात पोलिसानं दर वेळी लिहिलं: विनापरवाना.
बंदरावरची पोरंसोरं मात्र त्याला हाक मारायची,
"ओ चिचेरोने!"

शब्द तसा हरभऱ्याचा.
कुणा पूर्वजाच्या नाकावर म्हणे डाळिंबीएवढी गाठ होती,
मधोमध चिरलेली. त्यावरून घराण्याला नाव पडलं.
घराण्यात पुढे वक्ता निपजला, सिसेरो,
त्याच्या बोलण्याला दोन हजार वर्षं झाली तरी खळ नाही.
मग कधीतरी परदेशी श्रीमंतांची पोरं
पडके खांब बघायला इटलीत उतरली
आणि त्यांना घाटावरच गाठून
दम न खाता बोलत सुटलेल्या माणसाला
कुणीतरी थट्टेनं ते नाव चिकटवलं.
थट्टेचा डिंक पक्का असतो.

माझ्या भाषेत खुशामत करणारा
समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो.
प्रोकोलोला मराठी कुठून येणार?
पण झाड त्याला बरोबर सापडलं होतं:
"बाईसाहेब, तुमची मान थेट त्या पुतळीची!
पुतळी नेपल्सला नेली हो,
नाहीतर शेजारी उभं करून दाखवलं असतं."
बाईसाहेब चढायच्या.
नवरा पाकीट काढायचा.

पोत्सुओलीची जमीन वर येते, खाली जाते,
झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी.
जुन्या बाजाराच्या तीन खांबांना
डोक्याच्या कितीतरी वर
शिंपल्यांनी भोकं पाडलीत.
"समुद्र तिथवर होता," प्रोकोलो सांगे. हे खरं.
पुढची राणी, तिचं स्नान, बुडालेलं कंकण,
हे त्यानं सकाळी दाढी करताना रचलेलं.

परवान्याच्या परीक्षेत तो तीनदा नापास झाला.
सन विचारला की गोष्ट सांगायचा.

मुलगी तेक्ला पहिल्या फटक्यात पास.
गळ्यात फोटोचं कार्ड, त्यावर छापलंय: गाइड.
प्रत्येक खांबाला नऊ मिनिटं, सगळे सन बिनचूक.
म्हातारा मागे बाकावर बसून ऐकतो, म्हणतो,
"पोरगी हुशार आहे. मीठ तेवढं राहिलं."

आणि मग शिकागोहून सोस्सिओचा फोन,
"बाबा, मी चिचेरोने झालो! परीक्षा दिली. सर्टिफिकेट आलंय."
"तिकडे कसले रे अवशेष?"
"अवशेष नाही. बिअर. कुठली कशी ओतायची,
फेस किती, वास कसला, ते लोकांना सांगायचं."
बराच वेळ तारेत नुसती खरखर.
मग प्रोकोलो हसला, खोकला येईपर्यंत हसला.
"मला खांबांवर नापास केलं,
तुला फेसावर पास!"
त्या रात्री त्यानं पावत्यांचा डबा उघडला नाही.

एक सांगायचं राहिलं.
टेकडीवरची जुनी वस्ती सत्तर साली रिकामी केली.
जमीन फुगत होती, शिपाई आले,
लोकांनी गाद्या डोक्यावर घेतल्या.
पुढे कुंपणाच्या फटीतून प्रोकोलो पाहुण्यांना आत न्यायचा,
देवळाच्या पोटातलं देऊळ दाखवायचा, तोंडाचा पट्टा चालू.
एका निळ्या दारापाशी मात्र तो थांबायचा
आणि बोलायचा नाही.
पाहुण्यांना वाटे, संपलं.
ते नाणी काढायचे.
दिवसातली सगळ्यात मोठी टीप
त्याला त्या गप्प राहण्याची मिळे.
तिची त्याला लाज वाटे, पण घ्यायचा.

वस्ती आता दुरुस्त झाली आहे. तिकीट लागतं.
तेक्लाच्या वेळापत्रकात ते दार नाही.
आज घोळक्यातली एक बाई मागे रेंगाळली,
"इथे काय होतं?"

तेक्लानं कार्ड उलटं फिरवलं.
"स्वयंपाकघर," ती म्हणाली.
सन सांगितला नाही.
पुढचे लोक वळणावर दिसेनासे झाले,
तरी ती घड्याळ न बघता उभी.