व्यवसायाचा रकाना

बुधवारी कातडीचा डॉक्टर येतो खानापुरात,
धारवाडहून, सकाळच्या पॅसेंजरनं.
मी केसपेपर लिहिते.
छापील प्रश्न कन्नडात, उत्तरं मराठीत,
मधे मी, ओल्या स्पंजाची डबी
आणि शाई संपत आलेला शिक्का.

तुरिके म्हणजे खाज, एवढं दोन्ही बाजूंना कळतं.
खाजवून दाखवलं की तेवढंही लागत नाही.

रोप लावणीचा महिना. बाया येतात,
दाराबाहेर चपला काढतात
आणि आत आल्यावर पाय लपवतात.
बोटांच्या बेचक्यांत पांढरं, भिजल्या पोह्यासारखं.
चिखल्या.
सटूबाईनं वर बिब्ब्याचं तेल लावलेलं,
तेवढी जागा भाजून निघालेली.
‘सोताच्या पायालाच बिब्बा घातलास की गे,’
मागची म्हणाली, आणि सगळी रांग हसली,
सटूबाईसुद्धा, पाय उचलून धरून.

डॉक्टर म्हणतो, पंधरा दिवस पाण्यात जायचं नाही.
मी मराठीत सांगते.
ती बघते माझ्याकडं,
जणू हे मीच पदरचं घातलं.
‘भात काय तू लावणार हैस?’
हे मी कन्नडात नेत नाही.
मलम जास्त द्या, म्हणते.

मष्णू तळ्यात म्हशी धुतो. पोटऱ्यांवर लाल पुरळ.
डॉक्टरला आज वेळ होता, त्यानं समजावलं:
गोगलगाईतून एक जीव निघतो,
डोळ्याला न दिसणारा,
म्हैस हुडकत पोहतो.
म्हशीऐवजी माणूस लागला तर माणसात शिरतो
आणि अडकतो. पुढं वाट नाही.
तिथंच मरतो, कातडीखाली.
ही खाज त्याच्या मरणाची.
मष्णू खाजवायचा थांबला.
‘चुकून आलं म्हणा की बिचारं,’ म्हणाला,
आणि तळव्यानं नुसतं दाबून धरलं.

सगळ्यात शेवटी बाळव्वा, नातवाला घेऊन.
वीटभट्टीवर चार पोरांना एकच वाकळ,
चौघांनाही खरूज.
वाकळ गरम पाण्यात घाला, मलम सगळ्यांना लावा,
मी पाठ म्हणते हे.
ती स्टुलावर बसली तसं लुगडं वर सरकलं.
घोट्यापाशी खळी, जुन्या चार आण्याएवढी.
डॉक्टर वाकला. तिशीचा पोरगा,
पुस्तकातच बघितलेलं.
‘नारु?’

ती सांगत गेली कन्नडात,
मी रांगेसाठी मराठी करत गेले.
रामदुर्गाकडं माहेर. पायऱ्यांची विहीर.
वय सात, दोन घरांचं पाणी तिच्याकडं.
पायातून दोऱ्यासारखा बाहेर आला,
आई काडीवर गुंडाळायची,
दिवसाला एक वेढा, ओढायचं नाही,
तुटला तर पाय सडतो.
आग व्हायची फार. मग ती जाऊन बसायची
पाण्यात पाय सोडून, खालच्या पायरीवर.

‘त्याला तेवढंच हवं असायचं,’ डॉक्टर म्हणाला,
‘पिल्लं पाण्यात सोडायला.’

बाळव्वा गप्प झाली.
पुढच्या वर्षी गल्लीत अकरा जणांना निघाला होता,
त्यात धाकटा भाऊ.
‘यारू हेळलिल्ला,’ म्हणाली.
याचं मराठी मी केलं नाही.
कुणी मागितलंही नाही.

आता नारू नाही, रजिस्टरात शून्य.
विहीर बुजवून वर कबड्डीचं मैदान केलंय म्हणे.

दुपारी दीडला मी रकाने भरत बसले.
व्यवसाय: शेती. शेती. म्हशी. भट्टी.
बाळव्वाचा पेपर नव्हताच, ती नातवाबरोबर आलेली.
तरी एक ओळ आखली.
पाणी भरणे, असं लिहायचं होतं.
कन्नडात पाणी म्हणजे नीरु.
एक खूण चुकली की नारु.
माझी चुकली.
खोडलं, पण तो ओला कागद, फाटला तेवढ्यापुरता.

मग नळावर हात धुतले.
पाणी थांबून थांबून येत होतं.
उजेडात बोटं फाकवून
प्रत्येक बेचकी बघितली.