वजा

टेकडीवर इंजिनिअरिंगची इमारत,
उताराच्या तळाशी बाळंतिणींचं इस्पितळ,
मध्ये शेफील्डची बस,
आणि बसमध्ये, मांडीवर टेपचं रीळ धरून,
सांडू नये म्हणून जपलेल्या दह्यासारखं,
प्रोफेसर विल्फ्रेड स्टॅनिफोर्थ.

सहासष्ट साल. मी कार्डं पंच करायचे.
युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर एकच.
दिवसा तो पुलांचा, धरणांचा, पगारपत्रकांचा;
आम्हाला मिळायचा रात्री दोन ते पाच.
यंत्रवाले म्हणायचे, हृदय? ते डॉक्टरांचं खातं.
डॉक्टर म्हणायचे, वायरी? त्या वरच्या इमारतीत.
दोन्हीकडच्या चहाला हा माणूस
दाराजवळच्या खुर्चीत बसायचा.

त्याला आईच्या पोटातल्या बाळाचा ठोका हवा होता.
नळीने ऐकायचा नव्हता, आकड्यांत हवा होता.
पहिले तीन आठवडे कागदावर
भलताच एक उंचवटा येत राहिला,
कधीही, मध्येच, कुणाच्याच हृदयाचा नसलेला.
शेवटी सापडलं : नदीकाठची पोलादाची भट्टी
वीज ओढायची तेव्हा सगळ्या गावाचा दिवा दचकायचा.
त्या भट्टीवर त्याचा बाप एकवीस वर्षं होता.
"बापाला गाळायला तीन आठवडे लागले,"
तो म्हणाला, आणि डबा उघडून
चीजचं सँडविच खाऊ लागला.

मला सातवा होता.
आठवडाभर तो विचारू का नको करत होता.
शुक्रवारी माझ्या बुटांकडे बघून म्हणाला,
"मिसेस नाडकर्णी, तुमची हरकत नसेल तर..."

थंडगार जेली. पोटावर तीन वायरी, छातीवर एक.
मी त्याला सांगितलं, माझ्या आडनावात नाडी आहे,
आमच्यात नाडी म्हणजे मनगटातला ठोका.
तो इतका खूश झाला, की वहीत लिहून घेतलं.
परकराची नाडी मी सांगितली नाही,
नर्सने नुकतीच ती सोडली होती.

पहाटे साडेतीनला कागद सरकू लागला.
उंच उंच सुळके, "हे तुम्ही."
सुळक्यांच्या पायथ्याशी गवताची पाती,
काही तर सुळक्याखालीच दडपलेली.
"आता," तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात,
"तुम्हाला वजा करायचंय."

माझा एक ठोका त्याने साचा म्हणून घेतला,
शंभर ठोक्यांची सरासरी काढून,
आणि जिथे जिथे मी होते
तिथून तिथून मला उचललं.
उरली पाती. एका मिनिटात एकशे बेचाळीस.
मी रडले नाही. मला भूक लागली होती.
त्याने उरलेलं अर्धं सँडविच दिलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे :
नवा विभाग, खुर्ची, पदक,
एडिंबरापासून पर्थपर्यंत पसरलेले विद्यार्थी,
आणि तेच डॉक्टर, आता म्हणणारे,
आम्ही आधीपासूनच म्हणत होतो.
शोकसभेत हे सगळं वाचून झालं.
बसचं कुणी काढलं नाही.

माझा मुलगा लीड्सला असतो,
तासाभराच्या अंतरावर. रविवारी फोन करतो,
बहुतेक रविवारी.

सभेनंतर प्रोफेसरांच्या मुलीने मला थांबवलं.
गॅरेजमधल्या खोक्यात मिळालं, म्हणाली,
तुमचं नाव आहे, स्पेलिंग चुकलेलं.
कागदाची गुंडाळी, कडेला पिवळी पडलेली.
उलगडली तेवढ्या भागात
एकही पातं नव्हतं. नुसते सुळके,
एकामागे एक, माझे,
आणि वर त्याच्या तिरक्या अक्षरात :
वजा केलेले. टाकू नये.

घरी जाताना बस चढणीवर दोनदा बंद पडली.
गुंडाळी मी मांडीवर धरून होते.