कडीवरचा हात

मी केबलवाला. विडी घरकुलात
नावानं मला कुणी ओळखत नाही.
"ए केबल," म्हणतात
आणि मांडीवरचं सूप न हलवता
पदराच्या गाठीतनं महिन्याचे पैसे काढतात.

त्या सोमवारी साडेसातला
सतरा फोन आले.
वायर तोडलास का बे, पैसे दिलेत की आम्ही,
आमची कोंडाबाई कुठं घातलास?
पडद्यावर कुणीतरी विनोद सांगत होतं
आणि न दिसणारी माणसं हसत होती.

मी काय सांगणार.
'खालचं शेत' बंद झालं होतं,
दोनशे बारा भागांवर,
लांब कुठल्यातरी टेबलावर
आकड्यात बसलं नाही म्हणून.

शेवटच्या भागात धाकटा दीर, हणमा,
रात्री दाराशी आलेला,
वाटणीनंतर बारा वर्षांनी.
हातात तांब्याभर ज्वारी, बियाणाची.
द्यायला आला का मागायला, तेही कळलं नाही.
आत कोंडाबाई उठली. कंदिलाची वात वर केली.
कडीवर हात ठेवला.
तेवढ्यात नावं यायला लागली.

याला आता नऊ वर्षं झाली.
यल्लूबाई गुंडेटी पानं कातरता कातरता अजून म्हणते,
"ती मालिका बघताना भूक लागायची की रे."
लागायचीच. त्यात भाकरी करपायची.
फुगेपर्यंत कॅमेरा थांबायचा,
आणि करपली तर तशीच ताटात पडायची,
कुणी त्याचा विषय काढायचं नाही.
झोपताना कुणाच्या गळ्यात हार नसायचा.
बाजाराचा हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत व्हायचा
आणि चुकायचा.

गड्ड्याच्या जत्रेत खपतील म्हणून
मडूर शेठनं मालिकेच्या नावाच्या चादरी काढल्या.
मागावरनं माल उतरेपर्यंत मालिका गेली.
किलोवर विकल्या त्यानं, शिव्या देत.
आता गल्लोगल्ली 'खालचं शेत' पांघरून
तेव्हा जन्मलेली नव्हती ती पोरं झोपतात.
चादरीच्या मागच्या अंगाला अक्षरं उलटी दिसतात.
माझी पोरगी आधी तशीच लिहायला शिकली,
शाळेत बाईंनी मग सुलटं करून घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात वसुली थकलेली,
तेव्हा मी एक थाप मारली.
म्हणालो, पुढचे भाग निघालेत, फोनवर.
माझ्या साडूनं बघितले.
कात्र्या थांबल्या.
"मग?"
"मग काय. उघडलं दार.
दिराच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली."

कुणीच बोललं नाही.
नरसूबाईनं विडीला दोरा गुंडाळत,
मान वर न करता सांगितलं,
"कोंडाबाई रडणारी नव्हं."
"आणि खांद्यावर? दिराच्या?"
"आधी विचारल, कोण हाय. वळखून विचारल."
"त्यो नाव सांगायचा नाही."
"मग ती कडी काढल. दार ढकलायचं त्यानं."

कारखान्यात खराब विड्यांची छाट काढतात
तशी माझी थाप त्यांनी बाजूला टाकली.

तांब्यावरनं मात्र भांडण पेटलं,
तेलुगूत, मला अर्धंच कळालं.
एक म्हणे ज्वारी घ्यावी,
दुसरी म्हणे मोजून घ्यावी, उपकार नको.
बालामणी तेवढी गप्प.
तिचा सख्खा भाऊ चार गल्ल्या सोडून राहतो,
आईच्या खोलीवरनं सात वर्षं बोलणं नाही.
ती उठली आणि
भरलेली घागर पुन्हा भरायला गेली.

"घे," यल्लूबाई म्हणाली, "दोन महिन्यांचे हायेत.
आणि असलं खोटं परत आणू नको घरात."

नळापाशी बालामणीनं मला थांबवलं.
घागर वाहून चालली होती, तिचं लक्ष नव्हतं.
"तुझ्या साडूकडं," ती म्हणाली,
"खरंच काही नाही का रे?"

मी वायरचं वेटोळं
या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतलं.
बघतो, म्हणालो.