तीच लाट

धंतोलीतल्या हॉलमध्ये, मे महिन्यात,
कूलरच्या घरघरीत
एक ब्रिटिश बोट बुडत होती.

पैसे नव्हते त्यांच्याकडे, दिसतच होतं.
तीच लाट तीनदा आली,
कप्तानाची टोपी बुडूनही कोरडी.
मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी.

सोमकुवरकाका हसले नाहीत.
अकरा वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढून
समुद्रापासून लांबात लांब जागा शोधत
ते इथं परतलेले, झीरो माइलच्या गावात.

"खरी बी तीच येते, बाप्पा," ते पुटपुटले,
"घडीघडी तीच."

मध्यंतराआधी कूलरची टाकी भरून सांडली.
खुर्च्यांखालून पाणी सरकत आलं,
बोटभर.

पडद्यावर कुणीतरी शिट्टी फुंकत होतं.
काकांनी अंधारात
चपला तिथंच सोडून
दोन्ही पाय वर घेतले.